मुलगा ‘अ‍ॅथलेटिक’ आहे, म्हणजे नेमके काय?

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बास्केटबॉल हा काही घरोघरचा खेळ नाही. शाळेमागे एक सिमेंटचे मैदान आहे. त्याच्या एका रिंगला जाळी आहे, दुसरीची फाटली ती फाटलीच. तरीही मागच्या हिवाळ्यात चहाच्या टपरीवर आणि मोबाइलच्या ग्रुपवर याच खेळावरून चांगलाच वाद रंगला. जिल्हास्तरीय शालेय सामन्यात आमच्या सात नंबरच्या मुलाने धावत येऊन उडी घेतली, रिंगला बोटे लावली आणि त्याचा बारा सेकंदांचा व्हिडिओ गावोगाव फिरला. ‘पोट्ट्यात दम हाय, हा लय पुढं जाते,’ असा निकाल त्याच रात्री लागला. पंधरा दिवसांनी विभागीय सामन्यात तोच मुलगा तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चारपैकी तिसऱ्या भागात, कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा राहिला, तेव्हा ‘नुसती हवा होती’ हा दुसरा निकालही तितक्याच तत्परतेने देण्यात आला.

या मुलांचा संध्याकाळचा सराव मी घेतो. दोन्ही निकाल देणाऱ्यांत शहाणीसुरती माणसे होती, आणि दुसऱ्या निकालात काही दिवस मीही सामील होतो, हे आधीच कबूल करतो. म्हणूनच खेळाडूची शारीरिक क्षमता कशाची बनलेली असते, बघणाऱ्याला त्यातले किती दिसते आणि वाढत्या वयात ती जोखताना आपण कुठे फसतो, हे मुळापासून समजून घेण्यासारखे आहे.

एका शब्दात कोंबलेल्या पाच गोष्टी

‘अ‍ॅथलेटिक’ हा शब्द आपल्याकडे टीव्हीवरच्या समालोचनातून आला आणि ‘अंगाने खेळाडू’ अशा ढोबळ अर्थाने रुळला. खरे तर आपली जुनी भाषा या बाबतीत जास्त काटेकोर होती. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तिथे करून दाखवली होती. ज्या भागात व्यायामाची परंपरा इतकी जुनी, तिथल्या आखाड्यातले वस्ताद ताकद, दम, चपळाई, लवचीकपणा आणि तोल हे पाच वेगळे शब्द वापरत आणि एकाला दुसऱ्याच्या नावाने हाक मारत नसत. एखाद्या पोराला ताकद आहे पण दम नाही, असे ते सहज म्हणत. आज आपण पाचही गोष्टी एका इंग्रजी शब्दात कोंबतो आणि त्यातली जी डोळ्यांत भरते, म्हणजे उडी, तिलाच सगळे गुण देऊन मोकळे होतो.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, पाहणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये. पटात सेकंदांच्या हिशेबात दाणी, म्हणजे धावपट्टी, कापणारी जोडी दुसऱ्या दिवशी वखराला जुंपली, तर दुपारपर्यंत टिकेलच असे नाही. आणि दिवसभर काळ्या जमिनीत वखर ओढणारी जोडी पटात शेवटची येईल. दोन्ही जोड्या जातिवंतच, फक्त कशासाठी, हे आधी विचारावे लागते.

अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये हा प्रश्न कोट्यवधी डॉलरचा आहे. तिथे दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. त्याआधी उमेदवारांना एकत्र बोलावून त्यांची उंची, पसरलेल्या हातांची लांबी, उभ्याने आणि धावत घेतलेली उडी, दिशा बदलण्याचा वेग असे सगळे मोजतात. इतकी काटेकोर मापे हाती असूनही अंदाज चुकतातच. २००७ मध्ये केविन ड्युरंटला या चाचणीत ८४ किलोंचा बार छातीवरून एकदाही उचलता आला नाही. त्याची निवड तरीही दुसऱ्या क्रमांकावर झाली आणि २०१४ मध्ये तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. सर्बियाचा निकोला योकिच तर २०१४ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा निवडला गेला, आणि त्याचे नाव पुकारले जात असताना टीव्हीवर जाहिरात चालू होती. त्याची उडी जेमतेम, धावणे संथ. तरी २०२१, २०२२ आणि २०२४ असा तीनदा तो सर्वोत्कृष्ट खेळाडू झाला.

भिंतीवरचा चुना

आता आमच्या रिंगकडे येऊ. बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३०५ सेंटिमीटरवर असते. व्हिडिओत सात नंबरची बोटे तिथे पोहोचलेली दिसतात. पण ती नुसत्या उडीमुळे पोहोचली का, हे व्हिडिओ सांगत नाही.

हे तपासायला यंत्र लागत नाही. १९२१ मध्ये डडली सार्जंट या अमेरिकी व्यायामतज्ज्ञाने मांडलेली रीत आजही पुरेशी आहे. शाळेच्या भिंतीला मुलगा बाजूने चिकटून उभा राहतो आणि टाचा जमिनीवर टेकवून हात जितका वर जाईल तितका नेतो. बोटांना ओला चुना लावलेला असतो, त्यामुळे भिंतीवर ठिपका उमटतो. मग तो उडी मारतो आणि वर दुसरा ठिपका उमटतो. दोन ठिपक्यांमधले अंतर म्हणजे उडी. सार्जंटची मूळ उडी उभ्याने घ्यायची आहे. आम्ही दोन पावलांची धाव घेऊ देतो आणि शिंप्याकडून मागून आणलेल्या टेपने अंतर मोजतो. चुन्याचे शिंतोडे शर्टवर उडतात म्हणून घरून ओरडा बसतो, तो वेगळा.

सात नंबरची उंची १८२ सेंटिमीटर आणि हात वर केल्यावर त्याची बोटे २४१ वर. म्हणजे रिंगसाठी त्याला ६४ सेंटिमीटर उडी लागते, आणि तेवढी त्याला येते. त्याच संघातला बारा नंबर १६३ सेंटिमीटरचा, त्याची बोटे २१४ वर, उडी ५२, म्हणजे एकूण २६६. दोघांच्या टोकांत ३९ सेंटिमीटरचा फरक आहे. पण त्यातले २७ सेंटिमीटर उंचीचे आणि हातांच्या लांबीचे आहेत, उडीचे फक्त १२. बाहेरून बघणाऱ्याला हे ३९ च्या ३९ ‘उडी’ म्हणून दिसतात. त्यातही एका वर्षात सात नंबरची उडी ६२ वरून ६४ झाली आणि बारा नंबरची ४४ वरून ५२, ही गोष्ट तर भिंतीशिवाय कोणालाच दिसली नाही.

उडीच्या आतले यंत्र समजायला गलोल आठवावी. उडी घेण्याआधी आपण गुडघ्यात किंचित खाली बसतो. त्या क्षणी मांडीचे स्नायू आणि टाचेमागची जाड दोरी, म्हणजे कंडरा, रबरासारखी ताणली जाते आणि सुटताना ताणाची ताकद परत देते. ताण जितक्या झटकन पडतो आणि सुटतो, तितकी उडी चांगली. रबर कोणत्या जातीचे मिळाले यात जन्माचा वाटा मोठा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते ओढायचे कसे, हे सरावाने सुधारते.

एकाच शेतात सोयाबीन आणि तूर

आपल्याकडे सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घालतात. पेरणी एकाच दिवशी, पाऊस तोच, खतही तेच. साधारण शंभर दिवसांनी सोयाबीन कापणीला येते, आणि तेव्हा तुरीला अजून फूलही धड आलेले नसते. त्या दिवशी बांधावर उभे राहून ‘तूर वाया गेली’ असे म्हणणाऱ्याला शेतकरी काय म्हणेल, ते इथे लिहिता येणार नाही. तूर पौषात घरी येते, हे त्याला ठाऊक असते.

मुलांचे असेच आहे. वाढीच्या वयात एक काळ असा येतो, की उंची सर्वांत वेगाने वाढते. मुलींमध्ये तो साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांमध्ये चौदाव्याच्या आसपास. मुलगा त्या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढू शकतो. पण ‘साधारण’ या शब्दात मोठी फट आहे: कोणाचा हा काळ साडेबाराव्या वर्षी येतो, कोणाचा सोळाव्याला. म्हणून एकाच वर्गात, एकाच वयाच्या दाखल्यावर, दाढी फुटलेला जवान आणि आवाजही न फुटलेला पोर शेजारी बसलेले असतात. लवकर वयात आलेल्याची ताकद आणि वेग बघून आपण त्याला ‘जन्मजात खेळाडू’ म्हणतो. त्याच्यात खेळाडू असेलही, पण आज आपण जे बघतोय त्यात मोठा भाग त्याच्या शरीराच्या घड्याळाचा आहे.

या घड्याळाची एक घरगुती खूण आहे. वाढीच्या झपाट्यात आधी तळपाय आणि तळहात वाढतात, मग पाय लांबतात आणि शेवटी धड. त्यामुळे मुलाची उंची वाढण्याची बातमी आधी चपलेला कळते. सात नंबरच्या बुटाचा नंबर दीड वर्षापासून तोच आहे. बारा नंबरचा एका वर्षात दोनदा बदलला.

त्यात दाखल्याच्या तारखेचा घोळ मिसळतो. शालेय स्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट असतात आणि वय १ जानेवारीच्या हिशेबाने धरतात. म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, अंतर जवळजवळ वर्षाचे. तेराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे फार मोठा काळ. कॅनडात आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी दिसली; हे १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली यांनी दाखवून दिले. निवड झालेल्यांना चांगले प्रशिक्षण आणि जास्त सामने मिळतात, मग ते खरोखरच पुढे जातात आणि निवडणाऱ्याला आपली पारख बरोबर होती असे वाटते. आपल्याकडे तर मागच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. ‘मी तर सोळाव्या वर्षी उंच झालो’ असे बाप सांगतो, तेव्हा ते सोळावे कोणत्या हिशेबाचे, हा प्रश्न उरतोच.

यावर उपाय म्हणून इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्यांत काही सामने दाखल्याच्या वयाऐवजी शरीराच्या परिपक्वतेप्रमाणे गट पाडून खेळवतात. आपल्या क्रिकेट मंडळाकडून १६ वर्षांखालच्या मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहिले जाते. पण तो वयचोरी पकडण्यासाठी, उशिरा वाढणाऱ्याला जपण्यासाठी नव्हे.

कुऱ्हाडीचा दांडा रात्रीतून लांबला तर

रोजच्या कुऱ्हाडीला कोणी रात्रीतून चार बोटे लांब दांडा बसवला, तर सकाळी पक्क्या लाकूडतोड्याचेही घाव चुकतील. कुऱ्हाड तीच आणि हात तोच. पण अंगात बसलेला हिशेब जुन्या दांड्याचा असतो. झपाट्याने उंच होणाऱ्या मुलाचे नेमके हेच होते. हाडे आधी लांबतात, त्यांना पेलणारी स्नायूंची ताकद काही महिने मागून येते, आणि मधल्या काळात काल सहज जमणारी गोष्ट आज जमेनाशी होते. चेंडू हातातून सुटतो, पाय पायात अडकतो. बघणारे म्हणतात, पोरगा बिघडला, मोबाइलने वाया गेला.

याच काळात गुडघ्याच्या वाटीखाली, जिथे मांडीची दोरी नडगीला जोडलेली असते, तिथे दुखणे आणि टेंगूळ येणे हे उड्या मारणाऱ्या मुलांत नेहमीचे आहे. वाढणारे हाड तिथे अजून कच्चे असते आणि प्रत्येक उडीला ते ओढले जाते. सिमेंटवर रोज दोनशे उड्या मारायला लावणारा प्रशिक्षक ‘सहन कर’ म्हणतो, तेव्हा तो कणखरपणा शिकवत नसतो. उड्या कमी करून डॉक्टरांना दाखवणे, एवढे साधे उत्तर आहे.

‘दम नाही’ म्हणजे आळशी?

माझी चूक इथे झाली. विभागीय सामन्यात सात नंबर दमला, त्यावर मी त्याला परतल्यावर आठ दिवस मैदानाच्या जास्तीच्या फेऱ्या मारायला लावल्या. तो निमूट धावला. नवव्या दिवशी पायऱ्यांवर बसला, तेव्हा त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि ती आतून पांढुरकी दिसली. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासले. हिमोग्लोबिन १०.२. पंधरा वर्षांच्या मुलाला ते किमान १३ असावे लागते.

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला, प्राणवायू वाहून नेणारा लाल घटक. तो कमी असला, तर एका उडीला काहीच फरक पडत नाही, कारण एक उडी अंगात साठलेल्या ताकदीवर होते. पण दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर वर-खाली धावायचे असेल, तर प्राणवायूचा पुरवठा सतत लागतो. म्हणून तोच मुलगा बारा सेकंदांच्या व्हिडिओत वाघ आणि तिसऱ्या क्वार्टरमध्ये म्हातारा दिसला. दोन्ही दृश्ये खरी होती आणि लोकांनी दोन्हींवरून त्याच्या स्वभावाचा निष्कर्ष काढला. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी तो मळमळते म्हणून खिशात घालत होता आणि जेवणावर लगेच चहा पीत होता. चहाने अन्नातले लोह नीट अंगी लागत नाही. डॉक्टरांनी रोजचे औषध दिले, वर जेवणात लिंबू पिळायला आणि चहा दोन तास पुढे ढकलायला सांगितले.

विदर्भात याच्या पुढची एक तपासणी टाळू नये, ती सिकलसेलची. या आनुवंशिक आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू कमी झाला की विळ्यासारख्या वाकतात. आई-बाप दोघांकडून दोष आलेल्याला आजार असतो, एकाकडूनच आलेला असेल तर तो वाहक. वाहक मुलगा एरवी ठणठणीत असतो आणि खेळू शकतो. मात्र कडक उन्हात, पाणी कमी पडलेले असताना, न थांबता जिवाच्या आकांताने धावायला लावले, तर तो कोसळू शकतो. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने २०१० पासून वरच्या श्रेणीतल्या खेळाडूंसाठी ही तपासणी लागू केली. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झाले आणि प्राथमिक चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते. सात नंबरची निरंक आली. पण ती न करता मी त्याला आठ दिवस पळवले होते, हे विसरता येत नाही.

‘उंची तर जन्मजातच ना?’

हा आक्षेप रास्त आहे. योकिचला उडी येत नसेल, पण तो २११ सेंटिमीटर उंच आहे; या खेळात उंचीला पर्याय फार थोडे. आई-वडिलांच्या उंचीवरून मुलाचा ढोबळ अंदाज निघतो: दोघांची उंची मिळवून त्यात १३ सेंटिमीटर घालायचे आणि निम्मे करायचे. वडील १६८ आणि आई १५२ असेल, तर उत्तर येते १६६.५. पण त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-दहा सेंटिमीटरची मोकळीक असते, आणि बास्केटबॉलमध्ये तेवढ्यात खेळाडूची जागा बदलते. एनबीएतला अँथनी डेव्हिस शाळेत बराच काळ सहा फूट दोन इंचांचा, चेंडू हाताळणारा खेळाडू होता; मग साधारण दीड वर्षात तो सहा फूट दहा इंचांपर्यंत गेला आणि २०१२ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. लहान असताना शिकलेले चेंडूवरचे हात त्याच्याजवळ राहिले.

उलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. पंजाबातल्या बल्लो के गावच्या शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग सात फूट दोन इंच उंच. २०१५ मध्ये डॅलस संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडले, आणि ड्राफ्टमधून एनबीएत निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएचा एकही सामना मात्र त्याला खेळायला मिळाला नाही. उंचीने दार उघडले; आतला खेळ वेगाचा आणि झटपट निर्णयांचा होता.

मग डोळ्यांना काहीच कळत नाही का?

कळते, फक्त बघण्याची जागा बदलावी लागते. पहिली उडी सगळ्यांनाच दिसते. चेंडू रिंगवर आपटून परत आला, की जमिनीला पाय लागताच कोण दुसऱ्यांदा उडतो, ते बघावे. धावणे बघण्यापेक्षा थांबणे बघावे. घाटातल्या एसटीच्या चालकाची परीक्षा ब्रेकवर होते, तशी या खेळाडूची परीक्षा पूर्ण वेगात येऊन दोन पावलांत थांबण्यावर होते, आणि गुडघे आत न वळवता जो थांबतो, तो पुढची पाच वर्षे टिकतो. पाय हलण्याआधी डोळे कुठे गेले, हेही पाहता येते. आमचा बारा नंबर धावण्यात मागे असूनही चेंडूजवळ आधी पोहोचतो, कारण पास सुटण्याआधीच तो निघालेला असतो. बाहेरून मंडळी म्हणतात, ‘बॉल याच्याकडेच कसा येते बाप्पा, नशीबवान हाय.’

बघणाऱ्याच्या डोळ्यात आधीपासून बसलेल्या चौकटी हा आणखी एक अडथळा. अमेरिकेत समालोचनाचा अभ्यास करणाऱ्यांना वारंवार आढळले, की कृष्णवर्णीय खेळाडूचे कौतुक त्याच्या अंगाचे होते आणि गोऱ्याचे त्याच्या बुद्धीचे आणि मेहनतीचे. आपण रंग पाहत नसू, पण गाव पाहतो. खेड्यातला पोरगा काटक आणि नागपूर-अमरावतीचा डोकेबाज, हे वाक्य मी निवड समितीच्या खोलीत ऐकले आहे, आणि दोन्ही मुलांनी तोवर चेंडूला हातही लावला नव्हता.

सव्वीस जानेवारीच्या आधी शाळेची भिंत रंगवली गेली आणि चुन्याचे सगळे ठिपके त्याखाली गेले. आकडे वहीत आहेत. सात नंबरचे हिमोग्लोबिन मार्चअखेर १२.६ झाले आणि चौथ्या क्वार्टरमध्ये तो आता कमरेवर हात ठेवत नाही. त्याची उडी मात्र ६४ वरच आहे. बारा नंबरचे मोजमाप शाळा उघडली की घ्यायचे आहे. त्याची आई परवा बाजारात भेटली आणि तक्रारीच्या सुरात म्हणाली, की दिवाळीला घेतलेले बूट याला आताच लागेनासे झाले.